खोट्या राज्यांचा खरा हिशोब

मागच्या महिन्यात आमच्या विभागात प्रगती अहवालाची बैठक झाली. माझा विषय तुम्हाला आता पाठ झाला असेल: एकोणिसाव्या शतकातल्या मराठी अद्भुत कादंबऱ्या. म्हणजे कुठल्याच नकाशात न सापडणारी राज्यं, गादीवरून पेटलेली भांडणं, कारस्थानी मंडळी, संकटांतून संकटात जाणारे नायक-नायिका. वीस मिनिटं बोलून झाल्यावर समितीतल्या एका सरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "या कादंबऱ्या फारशा चांगल्या नाहीत हे तुम्हालाही मान्य आहे. मग यात इतिहास कुठे आहे?"

मी काहीतरी उत्तर दिलं. ते मलाच पटलं नाही.

संध्याकाळी खांदेश्वरला उतरून खांदा कॉलनीत घरी आले, तर जिन्यात खालच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा 'गेम ऑफ थ्रोन्स'चं जाडजूड पुस्तक घेऊन बसला होता. मालिका आधीच बघून झालेली, आता पुस्तकं. मी सहज विचारलं, "शेवट माहीत असून वाचतोस?" तो म्हणाला, "ताई, मालिकेत शेवटी सगळं गुंडाळून टाकलं. ज्याने जे केलं ते त्याला नीट भरायला लागलं पाहिजे ना? त्याला वेळ द्यायला पाहिजे होता."

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडायला लागलं. ते आज नीट मांडून बघते. सुरुवात घराजवळूनच करू.

कर्नाळा, १५४०

पनवेल सोडून गोवा महामार्गाला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसायला लागतो. आपण तिथे पक्षी बघायला आणि पावसाळ्यात ट्रेकला जातो. पण १५४० साली या किल्ल्यावर जे घडलं ते कुठल्याही कल्पित राज्याला लाजवेल असं आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह १५३७ मध्ये दीवला पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला होता आणि गुजरातची पकड ढिली पडली होती. ती संधी साधून अहमदनगरच्या निजामशाहाने कर्नाळा घेतला. गुजरातच्या बाजूच्या सरदारांनी मदत मागितली कोणाकडे? वसईच्या पोर्तुगीजांकडे, म्हणजे तीन वर्षांपूर्वी ज्यांच्यामुळे आपला सुलतान गेला त्यांच्याकडेच. पोर्तुगीजांनी किल्ला जिंकून दिला. निजामशाहाने चिडून पुन्हा फौज पाठवली. पोर्तुगीजांनी तीही परतवली. आणि मग, सगळं जिंकून झाल्यावर, वर्षाला पाच हजार सोन्याच्या नाण्यांच्या बोलीवर किल्ला निजामशाहालाच देऊन टाकला.

गॅझेटियरमध्ये ही हकिगत जेमतेम एका परिच्छेदात आहे. वाचताना मजा येते, पण परिच्छेद संपला की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मदत मागणाऱ्यांचं पुढे काय झालं? ज्यांच्या शेतांतून फौजा गेल्या त्या गावांचं काय? इतिहासाच्या साधनांत घटना असते, तारीख असते, रक्कम असते. केलेल्या कर्माचा हिशोब पूर्ण होताना क्वचितच दिसतो.

माझं म्हणणं असं, की राजांच्या झगड्यांच्या लांबलचक गोष्टी आपण वाचतो त्या या अपुऱ्या हिशोबासाठी. तलवारी, ड्रॅगन, भुयारं ही वरची सजावट. मूळ ओढ ही, की सत्तेवर बसलेल्या माणसाने एक चूक केली, तर तिचं बिल कधी, कोणाच्या दारात आणि किती व्याजासकट येतं ते बघायला मिळावं.

पोथीला घाई नसते

ही ओढ आपल्याकडे छापखान्याच्या फार आधीची आहे. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' १७१२ सालचा, चौसष्ट अध्यायांचा. चातुर्मासात रोज थोडी पोथी, एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, ही पद्धत अनेक घरांत कालपरवापर्यंत होती. ऐकणाऱ्यांना कथा माहीत असायचीच. रहस्य कुठे उरलं होतं? तरी लोक बसायचे.

कारण महाभारत हा मुळात हिशोबाचा ग्रंथ आहे. द्यूत एका दिवसात होतं. त्याची किंमत बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास, मग अठरा दिवसांचं युद्ध. तेवढ्यावर भागत नाही. गांधारीचा शाप उरतोच, आणि युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी यादवकुळ आपापसांत लढून संपतं. प्रत्यक्ष कृष्णालाही सूट नाही. हे सगळं शंभर पानांत सांगितलं तर ती नुसती बातमी होईल. मधली वर्षं सरताना ऐकणाऱ्याला जाणवली पाहिजेत, तरच फेड खरी वाटते. म्हणून अशा गोष्टी लांब असतात. जिन्यातला मुलगा "वेळ द्यायला पाहिजे होता" म्हणाला ते हेच.

गंमत म्हणजे खरा पराभव पचवायची वेळ आली तेव्हाही मराठी लेखक याच घाटाकडे वळले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. रघुनाथ यादवाने गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून लिहिलेल्या पानिपतच्या बखरीत त्या लढाईला भारती युद्धाचं रूप येतं. आकडे फुगतात, योद्धे पौराणिक होतात. इतिहासकार म्हणून आपण या बखरीला नावं ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण एक पिढी गमावलेल्या घरांना आकड्यांची यादी देऊन काय मिळणार होतं? एवढी माणसं का गेली याला काही संगती हवी होती, आणि संगतीचा तयार साचा महाभारताचा होता.

गाद्या फायलींत गेल्या

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. साताऱ्याची गादी मात्र कंपनीने राखली आणि प्रतापसिंह महाराजांना तिच्यावर बसवलं. १८३९ मध्ये त्यांच्यावर कटाचे आरोप ठेवून कंपनीनेच त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे अर्ज, सभा, पत्रकं करत राहिले. तोवर इकडे १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीला वारले. गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ १८४८ मध्ये गेले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्यच खालसा झालं. पुढे नागपूर, झाशी.

यात कादंबरीला लागणारं सगळं आहे: दोन भाऊ, एक गादी, परदेशी सत्ता, निष्ठावंत वकील, वनवास. नाही ते फक्त शेवटचं प्रकरण. कुठल्या गादीवर कोण, हे आता ना रणांगणात ठरत होतं ना दरबारात. ते कलकत्त्याच्या आणि लंडनच्या फायलींत ठरत होतं. शेरा मारणाऱ्या माणसाला त्या शेऱ्याची किंमत कधीच मोजावी लागत नव्हती.

आणि १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. कल्पित राज्यं, दुष्टांचे डाव, शेवटी सज्जनांचा जय. या पुस्तकांची चाल लागली आणि तशाच कादंबऱ्यांची रांग उभी राहिली.

सातारा बुडालं म्हणून 'मुक्तामाला' लिहिली गेली, असं मी म्हणत नाही. तसं सिद्ध करता येणार नाही. संस्कृत कथा, फारसी किस्से, इंग्रजी रोमान्स, छापखान्यांचा धंदा, ही सगळी कारणं आहेतच. सरकारची भीती म्हणून कल्पित राज्य, असंही सरसकट म्हणता येत नाही. देशी वृत्तपत्रांचा कायदा १८७८ चा, म्हणजे बराच नंतरचा. पण वाचणाऱ्यांतल्या वडीलधाऱ्यांनी खरी गादी जाताना पाहिली होती, हे विसरून या पुस्तकांची लोकप्रियता समजत नाही.

रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत आपली अडचण उघड सांगितली आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: लग्नाच्या आपल्या रीतीमुळे आणि इतरही कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात ना रंजक दुर्गुण सापडतात ना रंजक सद्गुण. रोजचंच लिहिलं तर वाचकाचं मन रमणार नाही. म्हणून करमणुकीचं पुस्तक करायचं तर अद्भुताकडे जावंच लागतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. अकरा वर्षांपूर्वीच, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या रोजच्या आयुष्यात किती घडतं ते दाखवलं होतं. ज्या घरात केशवपन होतं त्या घरात रंजक काही नाही, हे म्हणायला पुरुषाचीच नजर लागते. माझं हे मत अजून बदललेलं नाही.

पण आता त्या प्रस्तावनेत मला आणखी एक गोष्ट ऐकू येते. आयुष्यात दुर्गुणही नाहीत आणि सद्गुणही नाहीत, म्हणजे काय? म्हणजे आपण चांगलं केलं काय किंवा वाईट केलं काय, जगाला त्याने फरक पडत नाही. १८६८ मधला एखादा कारकून प्रामाणिक राहिला तरी राज्य बदलत नव्हतं आणि फितूर झाला तरी बदलत नव्हतं. कल्पित राज्यात मात्र एका सेवकाने दिलेला शब्द पाळला तर राजपुत्र वाचतो. तिथे माणसाच्या वागण्याला वजन आहे.

पळवाट म्हणायची का?

याला पळवाट म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना उत्तर देताना मला नाथमाधव आठवतात. द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२. १९०५ मध्ये शिकारीच्या वेळी सिंहगडावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. लेखक म्हणून त्यांचं काम त्यानंतरचं. १९१३ मध्ये त्यांनी 'वीरधवल' लिहिली, मराठीतली बहुधा सर्वांत आवडीने वाचली गेलेली अद्भुत कादंबरी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने दौडणारे घोडे लिहिले. याला पळवाट म्हणायचं तर म्हणा. पण त्याच माणसाने शिवकाळावर कादंबऱ्यांची मालिका लिहिली आणि स्त्रीच्या शिक्षणाचा प्रश्न घेऊन 'डॉक्टर'ही लिहिली. अद्भुतात रमणारा लेखक जगाकडे पाठ फिरवून बसला नव्हता.

तोवर बरेच वाचक कल्पित राज्यांकडून खऱ्या राज्यांकडे वळले होते. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तार'मधून क्रमशः येऊन १८७१ मध्ये पुरी झाली. पुढे हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' 'करमणूक' साप्ताहिकातून आली. पुढच्या अंकाची वाट बघायची सवय लागली. पण इथे एक बारीक बदल झाला. कल्पित राज्यात खलनायकाला हवी ती शिक्षा देता येते, कोणाचं काही जात नाही. ऐतिहासिक कादंबरीत तोच हिशोब खऱ्या माणसांच्या नावावर मांडला जातो. शिल्लक जुळत नसेल तर लेखक पदरचे संवाद घालून जुळवतो, आणि शंभर वर्षांनी तेच संवाद इतिहास म्हणून आपल्या फोनवर येतात. हिशोबाची भूक रास्त आहे. ती भागवायला खरी माणसं वापरली, की इतिहासाचं नुकसान होतं.

आणखी एक उणीव प्रामाणिकपणे सांगायला हवी. या कादंबऱ्यांतला हिशोब बहुतेक वेळा राजघराण्यापुरताच असतो. चोरलेली गादी खऱ्या वारसाला मिळाली की गोष्ट संपते. गादी असावीच का, हे कोणी विचारत नाही. कर्नाळ्याच्या पायथ्याची गावं गॅझेटियरमध्ये नाहीत, तशी 'मंजुघोषा'च्या जगातही त्यांना फारशी जागा नाही.

पुढच्या बैठकीत सरांना मी एवढंच सांगणार आहे: या पुस्तकांतल्या राजांना इतिहास नाही, पण वाचकांना आहे. ज्यांच्या हातून राज्याचे सगळे निर्णय काढून घेतले गेले होते, त्या लोकांना राज्यकर्त्याकडून काय हवं होतं, हे या पुस्तकांत नोंदलेलं आहे. दुसरीकडे ते इतकं सरळ सापडत नाही.

परवा त्या मुलाला कर्नाळ्याची गोष्ट सांगितली. त्याने पोर्तुगीजांना दोन शिव्या घातल्या, निजामशाहाला एक, आणि मग जरा वेळाने विचारलं, "पण ताई, दरवर्षीची ती पाच हजार नाणी शेवटी भरली कोणी?"

हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. चौथ्या प्रकरणाची सुरुवात त्यानेच करावी म्हणते.