आखातातून घरी फोन

आखातात गेलेल्या माणसांचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा पैशांच्या भाषेत सांगितला जातो. किती रियाल आले, किती घरांवर स्लॅब पडला, किती बहिणींचे निकाह झाले. पण त्या माणसाला घरच्यांशी दोन शब्द बोलायला काय मोजावं लागलं, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. परक्या मुलुखात हाताशी फोन नसेल, तर माणूस अडचणीत सापडल्याचंही कुणाला कळत नाही. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

मराठवाड्याचं अरबस्तानशी नातं तेलाच्या आधीचं आहे. हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज, आपली चाऊस मंडळी, आजही इथे आहेत. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले आणि वाट उलटी फिरली. कोकणातल्या मुस्लिम घरांना जहाजांवरच्या नोकऱ्यांमुळे परदेश ओळखीचा होता, ती आधी गेली. कन्नड तालुक्यातल्या आमच्या देवगाव रंगारीसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावांतून माणसं उशिरा निघाली. आमचे बडे अब्बा त्यांच्यापैकी एक. ते रियाधला सुतारकामाला गेले.

तेव्हा गावात फोन मोजकेच. ज्याच्याकडे फोन असेल त्याचा नंबर सगळी गल्ली ‘पी.पी. नंबर’ म्हणून वापरायची. ट्रंक कॉल बुक करायचा, तोही ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगून. लाइटनिंगला साध्या कॉलच्या आठपट पैसे पडत, म्हणून तो बहुधा मौतीच्या खबरीलाच लागे. एरवी खुशाली पत्रातून कळायची किंवा सुट्टीवर येणाऱ्याच्या हाती टेपची कॅसेट यायची. आमच्या दादीला वाचता येत नव्हतं, तिला कॅसेटच बरी वाटे. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये चाळीस मिनिटं नुसते सलाम असत, नाव घेऊन, एकेकाला.

मग एसटीडी बूथ आले. 1984 मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. धूळ आणि उन्हाळा सोसणारी, वातानुकूलनाशिवाय चालणारी ही छोटी यंत्रं नसती, तर आमच्यासारख्या गावांत 02435 हा कोड फिरवून थेट फोन येणं अजून लांबलं असतं. सॅम पित्रोदांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण बूथ चालवणाऱ्यांची आठवण कुणी काढत नाही. त्यांत अपंग आणि विधवाही होत्या.

सौदीत सुट्टी शुक्रवारची. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. जुमा आटोपून माणूस टेलिफोन कॅबिनपाशी पोचेपर्यंत आपल्याकडे दुपारचे तीन वाजलेले असत. घरातली सगळी त्या वेळी बूथवर जाऊन बसायची. इकडून फोन लावण्याची ऐपत नव्हती. भारतातून परदेशी बोलायला 31 मार्च 2002 पर्यंत विदेश संचार निगमचीच वाट होती, आणि एकाच दुकानात भाव काय असणार? तिकडेही तेच. सौदीत 2005 मध्ये मोबिली येईपर्यंत मोबाइलची एकच कंपनी, अमिरातीत 2007 मध्ये ‘डू’ची सेवा सुरू होईपर्यंत एकटी एतिसलात. दोन्ही टोकांना मक्तेदारी आणि मध्ये मजूर.

यातून स्वस्त वाटा मजुरांनीच काढल्या. रियाधच्या बथ्हा बाजारात कार्डं मिळत. वरची पट्टी खरवडायची, लांबलचक नंबर दाबायचे, मग एक बाई किती मिनिटं उरली ते सांगायची. ती मिनिटं कधीच पूर्ण भरत नसत. फोन जोडल्याचे वेगळे पैसे कापले जायचे. मग मिस्ड कॉल आला. भारतात मे 2003 पासून मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि घरोघरी फोन पोचला, तेव्हा आमच्याकडे ठरलं होतं: एक रिंग म्हणजे खैरियत, दोन म्हणजे पैसे पाठवले. कंपनीला एक हलालाही न देता निरोप पोचायचा. त्या मजुरांच्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं.

खरी अडचण वेगळीच. सिम घ्यायला इकामा लागतो, आणि नवख्या माणसाचा इकामा हातात यायला कधी आठवडे तर कधी महिने जातात. 2016 पासून सौदीत सिमसाठी बोटांचे ठसेही लागतात. तोवर नवखा माणूस दुसऱ्याच्या सिमवर जगतो. माझ्या चुलतभावाचं सिम त्याच्या फोरमनच्या नावावर होतं. फोरमन नोकरी सोडून गेला, सिम बंद पडलं. त्याच वेळी कंपनीने तीन महिन्यांचा पगार थकवलेला. एकवीस दिवस आम्हाला तो जिवंत आहे की नाही हे कळलं नाही. भारत सरकारचं तक्रारींसाठी ‘मदद’ पोर्टल 2015 पासून आहे, पण तिथवर पोचायला आधी हातात चालू फोन हवा.

इंटरनेट आल्यावर प्रश्न मिटेल असं वाटलं होतं. सौदीने ॲपवरून बोलण्यावरची बंदी सप्टेंबर 2017 मध्ये उठवली. अमिरातीत मात्र व्हॉट्सॲपवरचा कॉल त्यानंतरही बंदच राहिला. 2018 मध्ये एतिसलातने परवानगी असलेल्या ॲपवरून बोलण्यासाठी महिन्याला 50 दिरहमचा प्लॅन काढला. सुरक्षेचं कारण सांगितलं जातं. मला त्यात कंपन्यांच्या गल्ल्याचीच काळजी जास्त दिसते.

आता गावातून कुणी निघालं की बडे अब्बा त्याला आधी फोनचं सांगतात. इकामा हाती आला की त्याच दिवशी स्वतःच्या नावावर सिम घे, कारण सौदीत ‘अबशर’वरची सरकारी कामं त्याच नंबरवर चालतात. इथला नंबर बंद पडू देऊ नकोस, बँकेचा ओटीपी त्यावर येतो. आणि दूतावासाचा नंबर फोनमध्ये ठेवतोसच, तर कागदावरही लिहून ठेव.