खासदाराची खतावणी

लोकसभेच्या कामकाजाचे जुने छापील खंड चाळताना मधूनच नुसत्या नावांची पाने येतात. भाषणे थांबतात, वर 'होय' किंवा 'नाही' एवढाच मथळा, खाली वर्णानुक्रमे सदस्यांची नावे आणि शेवटी बेरीज. बेरजेच्या तळाशी कधी बारीक टाइपात टीप असते की, अमुक अमुक सदस्यांनीही 'होय'च्या बाजूने मत नोंदवले. यंत्रावर त्यांचे मत उमटले नाही किंवा चुकीचे उमटले, म्हणून मागाहून दुरुस्ती झाली, असा तिचा अर्थ. चर्चेचा अभ्यास करणारे ही पाने बहुधा उलटून पुढे जातात. मी तिथेच रेंगाळतो. भाषणात माणूस दोन्ही डगरींवर पाय ठेवू शकतो. इथे त्याला कुठल्या तरी एका रकान्यात बसावे लागते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. भवानी पेठेत सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे अभ्यासाची पद्धतही तिथलीच उचलली. रोजकीर्दीतली प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर ओढायची, तिला आम्ही खतावणी म्हणतो. संसदेच्या चर्चा आता डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या वाचता येतात. त्यांतून सोलापूरच्या एकेका खासदाराचे पान उघडावे, डाव्या बाजूला त्याने विचारलेले प्रश्न, उजव्या बाजूला त्याने दिलेली मते, असा बेत केला. डावी बाजू भरत गेली. उजवी बाजू पाने उलटली तरी बरीचशी कोरीच. खासदार आळशी होते म्हणून ती कोरी नाही. त्यामागचे कारण सभागृहाच्या रीतीत आहे आणि ते समजायला मला थोडे मागे जावे लागले.

हिंदुस्थानातल्या कायदेमंडळांत प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला १८९२ च्या कायद्याने. तोही अपुरा, कारण उत्तर मिळाल्यावर त्यावर पुन्हा विचारायची सोय नव्हती. उपप्रश्न आला १९०९ च्या सुधारणांनी आणि तो फक्त मूळ प्रश्नकर्त्यालाच विचारता येई. मताचा हक्क तर त्याहून पोकळ. नामदार गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या मार्चमध्ये ते चिकित्सा समितीकडे पाठवावे की नाही यावर मते घेतली गेली, तेव्हा बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ पडली. त्या सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत कायद्यानेच राखलेले होते आणि त्यांनी सरकारविरुद्ध मत द्यायचा प्रश्नच नव्हता. निकाल गोखल्यांना आधीच ठाऊक होता. तरीही त्यांनी मते मोजायला लावली. १३ जण नेमके कोण हे कायमचे कागदावर राहिले, ते त्यामुळे. हरणाऱ्या माणसाला मतमोजणीची गरज जिंकणाऱ्यापेक्षा जास्त असते, हे मला या एका नोंदीने शिकवले.

आता सोलापूरकडे वळतो. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत सोलापूर हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, म्हणून माझ्या वहीत पहिल्या लोकसभेसाठी दोन पाने आहेत. एक शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे, दुसरे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. काँग्रेसची लाट असताना सोलापूरने दोन्ही जागा विरोधकांना दिल्या. त्याच निवडणुकीत मुंबईत खुद्द बाबासाहेब पराभूत झाले आणि त्यांच्या फेडरेशनचे देशभरातून लोकसभेवर जे दोघेच निवडून आले, त्यांतले एक आमचे राजभोज. सोलापुरात ही गोष्ट आज सहज कुणाला आठवत नाही याचे मला वाईट वाटते. दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. १९६२ मध्ये काडादी, पुढे तीन वेळा सूरजरतन दमाणी, मग गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल, लिंगराज वल्याळ. यांतली शेवटची तिन्ही नावे पद्मशाली समाजातली, म्हणजे आमच्या पूर्व भागाची, मागाच्या खडखडाटात वाढलेली. त्यांच्या पानांवर सूत, यंत्रमाग आणि विडी हे शब्द शोधावेत हे ओघानेच आले.

मतांची बाजू कोरी का, त्याचे कारण आवाजी मतदान. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, 'होय'वाले आणि 'नाही'वाले ओरडतात, ज्यांचा आवाज मोठा वाटेल त्यांच्या बाजूने अध्यक्ष निर्णय देतात. कुणी हरकत घेऊन मतविभाजन मागितले तरच बाहेर घंटा वाजते. साडेतीन मिनिटे ती वाजते, मग दारे बंद होतात आणि मते घेतली जातात. १९५७ पासून लोकसभेत त्यासाठी विजेचे यंत्र आहे; त्याआधी सदस्यांना उठून लॉबीत जावे लागे. नियमात आणखी एक पळवाट आहे. मतविभाजन विनाकारण मागितले आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजू शकतात, आणि तशा वेळी नावे नोंदवायची नाहीत असे नियमच सांगतो. म्हणजे आकडा मिळतो, माणूस मिळत नाही.

शेती कायद्यांचे उदाहरण ताजे आहे. १७ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत आणि २० सप्टेंबरला राज्यसभेत त्यांतली दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. राज्यसभेत विरोधकांनी मतविभाजन मागितले होते. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते म्हणून ते देता आले नाही, असे पीठासनाकडून सांगण्यात आले. गोंधळ झाला आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले. २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना आणि पुन्हा आवाजीच मतदानाने संमत झाले. उत्तर सोलापूरच्या कांदेवाल्याने किंवा पंढरपूरच्या ऊसवाल्याने उद्या विचारले की, आमच्या खासदाराने या कायद्यांच्या बाजूने मत दिले का, आणि नंतर रद्द करायच्या बाजूने दिले का, तर दोन्ही वेळा माझ्या वहीत लिहायला काही नाही. पक्ष कोणता यावरून अंदाज करता येतो. पण अंदाज खात्यावर ओढता येत नाही.

नावे हमखास मिळतात ती घटनादुरुस्तीच्या वेळी, कारण तिथे दोन तृतीयांश बहुमत मोजूनच सिद्ध करावे लागते. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक २ सप्टेंबर १९७० रोजी लोकसभेत ३३२ विरुद्ध १५४ मतांनी संमत झाले. तीन दिवसांनी राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. एकूण २२४. त्याचे दोन तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक तृतीयांश. एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने विधेयक पडले! हिशेबनीस माणसाला यापेक्षा सुंदर पान कुठे मिळायचे? तनखे रद्द व्हायला पुढच्या वर्षीची सव्विसावी घटनादुरुस्ती यावी लागली. अलीकडची नोंद २० सप्टेंबर २०२३ ची, महिला आरक्षणाची. बाजूने ४५४, विरुद्ध फक्त २, आणि त्या दोघांपैकी एक आपल्याच औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील, दुसरे त्यांच्याच पक्षाचे ओवेसी. मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांना आतल्या आत वाटा नाही, हे त्यांचे म्हणणे. ते पटो न पटो, पण ते मत कुणाचे हे शंभर वर्षांनीही सांगता येईल. बाजूने मत देणाऱ्यांत कुणाच्या मनात किती होते, ते मात्र त्या यादीवरून कळणार नाही.

कारण १९८५ पासून मतावर मालकी पक्षाची आहे. बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदान टाळले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. आयाराम-गयारामांना आळा घालायचा तो उपाय. पण पक्ष सोडणारा आणि पक्षात राहून एका विधेयकाला नाही म्हणणारा यांना त्याने एकाच दावणीला बांधले. म्हणून १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडले, तेव्हाच्या यादीत लक्ष जाते ते पक्षाचा आदेश मोडणाऱ्या सैफुद्दीन सोझ यांच्याकडे. सोलापूरचे खासदार त्या वेळी सुशीलकुमार शिंदे होते. काँग्रेसच्या सदस्याचे मत कुठे जाणार हे यादी न पाहताही कळत होते.

शिंद्यांच्याच पानावर दुसरा एक पेच आहे. २००९ ते २०१४ या पाच वर्षांत त्यांच्या नावावर एकही प्रश्न सापडणार नाही. ते आधी ऊर्जामंत्री आणि जुलै २०१२ पासून गृहमंत्री होते, आणि मंत्री प्रश्न विचारत नसतो, उत्तरे देतो. त्यामुळे एखाद्या मतदारसंघाला मंत्री मिळाला की, प्रश्नकर्ता गेला असे समजावे. वर्तमानपत्रांत खासदारांची प्रगतिपुस्तके छापून येतात, त्यांत मंत्र्यांना वगळलेले असते ते योग्यच आहे. पण उरलेल्यांना प्रश्नांच्या संख्येवर पहिला-दुसरा नंबर देण्याची जी टूम निघाली आहे, ती मला मान्य नाही.

संख्या कशी वाढते पाहा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. कुणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीने ठरते. तारांकितांपैकी प्रत्यक्ष तोंडी उत्तराची पाळी पाच-सहांवर येते; बाकीच्यांची उत्तरे लेखी. एकाच मजकुराचे प्रश्न एकत्र करून चार-पाच खासदारांची नावे एका प्रश्नावर छापलेली मी किती तरी वेळा पाहिली आहेत. अशा वेळी प्रश्न मुळात कुणाच्या डोक्यातला, हे विचारावेसे वाटते. आणि पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचा रोग तर प्रजासत्ताकाइतकाच जुना. १९५१ मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य हु. गु. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफ संघटनेकडून मोबदला घेऊन प्रश्न विचारल्याचे चौकशी समितीला आढळले. हकालपट्टीचा ठराव खुद्द नेहरूंनी आणला. मुद्गलांनी त्याआधी राजीनामा दिला. २३ डिसेंबर २००५ रोजी याच कारणासाठी अकरा खासदारांना घरी जावे लागले. त्यांतले दोघे आपल्या खानदेशातले, एरंडोल आणि जळगावचे. नुसती संख्या पाहणाऱ्याच्या वहीत त्यांचे प्रश्नही जमेच्या बाजूलाच पडले असते.

म्हणून मी प्रश्न मोजत नाही, उत्तरे वाचतो. सरकारी उत्तराचे काही ठरलेले साचे आहेत. 'अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.' 'वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही.' आणि सगळ्यांत कामाचे, 'माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' हे शेवटचे वाक्य म्हणजे आश्वासन. १९५३ पासून लोकसभेची आश्वासन समिती अशी वाक्ये वेचते, आणि ती तीन महिन्यांत पुरी व्हावीत असा दंडक आहे. आमच्या बाजारात याला मुदतीची हुंडी म्हटले असते. यंत्रमागावरचा प्रश्न विचारून, गोलमोल उत्तर घेऊन गप्प बसणारा खासदार आणि पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तराचे बोट धरून पुन्हा विचारणारा खासदार, संख्येत फरक एकाचाच. माझ्या लेखी पहिल्याने हुंडी फाडून टाकली. मागावर बसणाऱ्याला किंवा हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला उपयोग झालाच तर दुसऱ्याचा.

काही पानांवर मात्र ही सारी पद्धत लटकी पडते. राजापूरच्या बॅरिस्टर नाथ पैंचे घ्या. गोलकनाथ निकालानंतर, १९६७ मध्ये, मूलभूत हक्कांसह सारी घटना दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट करणारे खाजगी विधेयक त्यांनी आणले. ते संमत झाले नाही. १९७० नंतर तर एकही खाजगी विधेयक कायदा झालेले नाही. नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात गेले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सरकारने आणलेली चोविसावी घटनादुरुस्ती लोकसभेने ३८४ विरुद्ध २३ मतांनी संमत केली, आणि तिचा गाभा बराचसा तोच होता. खतावणीत नाथ पैंच्या नावावर संमत विधेयके शून्य.

दुसरे पान पुण्याचे, पण बिहारमधून निवडून जाणारे मधू लिमये यांचे. नियमांचे पुस्तक त्यांच्याइतके कुणी कोळून प्यायलेले नव्हते आणि प्रश्नोत्तराच्या तासाचा धाक काय असतो हे त्यांनी दाखवले. आणीबाणीतल्या जुलै १९७५ च्या अधिवेशनात तो तासच रद्द झाला होता, आणि लिमये तुरुंगात होते. मार्च १९७६ मध्ये लोकसभेची पाच वर्षे संपली, पण मुदत वाढवून घेण्यात आली. लोकांनी दिलेली मुदत संपली असे म्हणून लिमये आणि शरद यादव यांनी राजीनामे दिले. त्या तारखेपासून १९७७ च्या निवडणुकीपर्यंत त्यांच्या पानावर हजेरी नाही, प्रश्न नाही, मत नाही. तेवढी जागा मी रेघ मारून रद्द केलेली नाही. तिथे राजीनाम्याचा महिना लिहून ठेवला आहे.

सोलापूरचे चालू पान प्रणिती शिंदे यांचे, २०२४ पासूनचे. त्यावर मी अजून बेरीज मांडलेली नाही. उत्तरांतली आश्वासने तेवढी पेन्सिलीने समासात टिपतो आणि तीन महिने मोजतो.