कावीळ उतरते कशाने? साथींच्या इतिहासातून यकृताचे इशारे

मंडळी, माकणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला तेरणेवरचं धरण आठवतं. तेव्हा आजचा विषयही पाण्यापासूनच सुरू करू. आपल्याकडे कावीळ ही 'उतरवायची' गोष्ट. कुणी माळ घालतं, कुणी झाडपाल्याचा रस पाजतं. बहुतेक जण बरेही होतात, आणि उतरवणाऱ्याचं नाव होतं. पण जे बरे होत नाहीत त्यांचं काय? त्यासाठी थोडा इतिहास बघू.

१९५५ साली पुरानंतर दिल्लीत यमुनेचं पात्र सरकलं. नजफगड नाल्याचं सांडपाणी वजीराबादच्या उपसा केंद्रापर्यंत आलं. पाण्यात तुरटी आणि क्लोरीन वाढवलं गेलं, त्यामुळे टायफॉइडची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू निसटला. बहुतेक रुग्ण बरे झाले. गरोदर बायांमध्ये मात्र मृत्यू जास्त दिसले.

हा विषाणू कोणता, हे कळायला बरीच वर्षं लागली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासून १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा हिपॅटायटिस ए नाही आणि बी पण नाही. पुढे मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः घेतला, आजारी पडले आणि विषाणू दाखवून दिला. ते संशोधन १९८३ मध्ये छापून आलं. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो.

महाराष्ट्रही यातून सुटला नाही. १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून कावीळ पसरली, २०१२ मध्ये इचलकरंजीत. पाणी जास्त झालं तरच धोका, असंही नाही. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलंय. आठ-दहा दिवसांनी नळ येतो तेव्हा मधल्या काळात पाइप रिकामा असतो; फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून साथीत पाणी उकळूनच प्यावं.

आता माळेकडे येऊ. ए आणि ई या काविळी बहुतेकांच्या काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. यकृत स्वतःच सावरतं आणि श्रेय माळेला जातं. तोट्यात राहतो तो, ज्याचं यकृत सावरत नसतं. ई मध्ये शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला तर २० ते २५ टक्के जीवाचा धोका असतो. तिला माळ घालून घरी बसवणं परवडत नाही.

सुरुवातीची लक्षणं आपल्याला माहीत असतात: अन्नावरची वासना उडणं, मळमळ, ताप, गडद लघवी, पिवळे डोळे. पण डोळे किती पिवळे, यावरून धोका कळत नाही. धोका कळतो डोक्यावरून आणि रक्तावरून. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, माणसं ओळखत नाही, पुढे धरलेले हात फडफडतात. हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग पडतात, उलटी थांबत नाही. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं रक्त गोठायला किती वेळ लागतो, ही चाचणी लगेच होते.

आणि कारण फक्त पाणी नसतं. हिपॅटायटिस बी रक्तातून येतो. पॅरासिटामॉलचा जास्त डोस, क्षयाची काही औषधं, दारू, काही झाडपाल्याची औषधं यांनीही यकृत बसतं. पिवळा फॉस्फरस असलेलं उंदराचं औषध पोटात गेलं तर पहिले एक-दोन दिवस माणूस ठणठणीत वाटू शकतो, आणि मग यकृत कोसळतं. 'आता बरा आहे' म्हणून थांबू नका. पाकीट सोबत घेऊन त्याच क्षणी निघा.

दिल्लीच्या साथीला नाव मिळायला बरीच वर्षं लागली. आपल्याजवळ नाव आहे, चाचणी आहे, गाडी आहे. आता घरातल्या माणसानं रुग्णाच्या डोळ्यांच्या रंगासोबत त्याचं बोलणंही लक्ष देऊन ऐकायचं आहे.