डोंगल (डिजिटल स्वाक्षरीचे)

डिजिटल स्वाक्षरी आणि लॉगिनसाठी संगणकाला जोडायचे यूएसबी टोकन. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे या स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात ते मुख्यतः तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच यांच्या हाती दिसते : ई-फेरफार, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि ई-ग्रामस्वराजवरील देयके यांसाठी. वित्त आयोगाच्या निधीतील देयक ग्रामसेवकाने तयार करायचे, सरपंचाने मंजूर करायचे. डोंगल दोघांचे वेगळे. प्रत्यक्षात अनेक गावांत दोन्ही एकाच खणात आणि पिन झाकणावर चिकटवलेला असतो. मग दोन सह्या उरतात, माणूस एकच.

सही करणारी गुप्त, म्हणजे खासगी, कळ डोंगलमधील चिपमध्येच तयार होते व बाहेर निघत नाही, म्हणून तिची नक्कल करता येत नाही. पिन ठरावीक वेळा चुकला की डोंगल स्वतःच बंद पडते. हरवल्यास त्यातील डिजिटल प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे, नवे काढावे आणि प्रणालीत पुन्हा नोंदवावे लागते. तोवर देयके थांबतात. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीसारख्या गावांना नव्या डोंगलसाठीचे हेलपाटे अधिक जाचतात. जुन्या सह्यांना मात्र धक्का लागत नाही, कारण त्या खासगी कळीच्या जोडीच्या सार्वजनिक कळीने तपासल्या जातात.

खरी अडचण सांकेतिक केलेला मजकूर उघडताना येते. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावरील निविदा, त्या उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कळींनी बंद असतात; ती कळ गेली तर नवे प्रमाणपत्र काही कामाचे नाही. म्हणून चार अधिकारी नेमून त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या डोंगलने निविदा उघडण्याची सोय ठेवतात. एखाद्याची बदली झाली वा डोंगल बिघडले तरी काम अडत नाही. या उपकरणाचा बॅकअप असा माणसांत वाटलेला असतो, आणि तो निविदा येण्यापूर्वीच ठरवावा लागतो.

ईमेलसारख्या खात्यांसाठीच्या फिडो चाव्या (उदा. युबीकी) याच कुळातल्या, पण त्यांना प्रमाणपत्र लागत नाही. प्रत्येक संकेतस्थळासाठी कळ वेगळी असते व ब्राउझर पत्ता पडताळतो, त्यामुळे बनावट पानावर त्या चालत नाहीत. त्यांचीही नक्कल होत नाही. सुरुवातीलाच दोन चाव्या नोंदवून एक घरी ठेवतात. गूगलने २०१७ मध्ये सुरू केलेल्या प्रगत संरक्षण योजनेत तर दोन चाव्यांची अटच होती. हरवलेली चावी खात्याच्या यादीतून लगेच काढावी.