ज्युबिली आणि जमिनीचा वारसा



ज्युबिलीची मूळ कल्पना जमिनीच्या नियमांतली आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं विकलेली शेती मूळ घराण्याकडे परत येई. गणना ग्रंथांत सलाफहादाच्या पांच मुलींस पित्याचें वतन मिळालें. मात्र तें वंशाबाहेर जाऊं नये म्हणून त्यांनीं स्ववंशांतच विवाह करावा, अशी अट पडली.

असाच बंध आपल्या साष्टीनेंही पाहिला. १५३४ सालीं गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांस दिला. पोर्तुगालच्या राजानें येथील गांवें आपल्या लोकांस अल्प वार्षिक खंडावर, बहुधा तीन हयातींपुरतीं, तोडून दिलीं. अशा देणगीस ‘प्राझो’ म्हणत. जमीन राजाची, भोगवटा घराण्याचा. परवानगीवांचून ती विकतां येत नसे, आणि गरजेच्या वेळीं शस्त्रानिशीं चाकरी करावी लागे. कित्येक गांवें स्त्रियांच्या नांवें दिलीं गेलीं. पण त्यांनीं पोर्तुगीजाशींच लग्न करावें, ही अट असे. जे भातखाचरें कसत होते, त्यांचें नांव मात्र त्या सनदांत नव्हतें.

१७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं साष्टी व वसई घेतली आणि ते बंध तुटले. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. पुढें कंपनीनेंही येथील कांहीं गांवें वंशपरंपरेनें दिलीं. साष्टींतील अशा इस्टेटींची महसूलमाफीही १९५१ च्या कायद्यानें संपली. धनी बदलत गेले; कसणारीं घराणीं मात्र गांवठाणांत टिकून राहिलीं.

आज आपणांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास विधवेस एकतृतीयांश मिळतो आणि उरलेलें मुलगे व मुली यांत समसमान वाटलें जातें. मुलीचा विवाह कोणाशीं झाला, हें कायदा विचारीत नाहीं. मृत्युपत्र करूनही जमीन अनंत पिढ्यांसाठीं बांधून ठेवतां येत नाहीं. इतकें असूनही, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कित्येक घरांत पित्याच्या मासिक मिस्सेपूर्वींच बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवलें जातें, आणि माहेर तुटेल या भीतीनें ती मुकाट्यानें सही करते.

ज्युबिलीच्या ह्या वर्षीं प्रत्येक घरानें आपला सातबारा व मिळकतपत्रिका काढून पाहावी, आणि त्यांत बहिणीचें नांव गळलें असल्यास भावांनीं तें आपण होऊन घालावें, अशी माझी नम्र विनंती आहे.