फुकट गेम जिंकले? जरा थांबा!

‘ऑनलाइन गेममध्ये सबस्क्रिप्शन हरलं, फुकट जिंकलं,’ असं प्रबंधात लिहिणार असाल, तर आधी हे वाचा.

१९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ची महिन्याची वर्गणी होती सुमारे १० डॉलर. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची १५, २०१० मध्ये त्याचे १.२ कोटी वर्गणीदार होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ही २००६ मध्ये वर्गणीवरच सुरू झाला. २००९ मध्ये त्यानं प्रवेश मोफत केला, गेममधल्या वस्तू विकायला काढल्या आणि उत्पन्न वाढलं. ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ तर डिसेंबर २०११ मध्ये आला आणि वर्षभराच्या आत त्याच वाटेला लागला.

मग झालं ना सिद्ध? नाही! हे दोन्ही गेम वर्गणीवर नीट चालत नव्हते, म्हणून बदलले. ज्यांचं बरं चाललं होतं, ते आपल्या नमुन्यात आलेच नाहीत. २०१३ मध्ये नव्यानं आणलेला ‘फायनल फँटसी १४’ वर्गणीवरच टिकला की!

शिवाय वर्गणीदार पैसे देतो; मोफत गेममधला प्रत्येक खेळाडू देतोच असं नाही. हे दोन आकडे एकाच रकान्यात भरू नका. आधी विचारा: कोण बदललं, का बदललं आणि आपण मोजतोय काय?