लिंक-सातत्य

राउटर, आयपी फोन, कॅमेरा किंवा कारखान्यातला कंट्रोलर रीस्टार्ट होत असतानाही त्याच्या इथरनेट पोर्टवरची लिंक पडू न देणे, म्हणजे लिंक-सातत्य.

लिंक प्रोसेसर सांभाळत नाही. ते काम ‘फाय’ नावाच्या सर्किटचे, आणि ते बऱ्याचदा वेगळ्या चिपमध्ये असते. वीज मिळत राहिली आणि रीसेट बसला नाही, तर प्रोसेसर झोपला तरी फाय जागीच असते. तिला रीसेट बसतो तो सवयीने. बोर्डवर दोघांची रीसेट लाइन एकच ठेवलेली असते. नाहीतर आधी बूटलोडर आणि मग लिनक्सचा ड्रायव्हर, दोघेही कोऱ्या पाटीच्या हौसेने फायच्या रजिस्टर 0 मधला बिट 15 लिहून तिला रीसेट करतात. लिंक पडते, दोन्ही टोकांची वेग ठरवण्याची बोलणी (ऑटो-निगोशिएशन) पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

त्यात जातात दोन-चार सेकंद. खरी किंमत पलीकडचा स्विच वसूल करतो: नेटवर्कमधले फेरे टाळणाऱ्या जुन्या स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलमध्ये पोर्ट 15 सेकंद ‘लिसनिंग’ आणि 15 सेकंद ‘लर्निंग’ अवस्थेत अडकतो. 2001च्या जलद आवृत्तीत ‘एज’ ठरवलेला पोर्ट लगेच खुला होतो. अर्थात तसे ठरवायला कोणाला आठवले तर.

उपाय साधा आहे. रीसेट लाइन वेगळी ठेवावी आणि ड्रायव्हरने आधी रजिस्टर 1 मधला बिट 2 पाहावा. लिंक चालू असेल तर तीच पत्करावी. हा बिट मात्र दोनदा वाचावा लागतो. लिंक मध्ये कधी पडली असेल, तर पहिल्या वाचनात ती जुनी पडझडच दिसते.

सर्व्हरमध्ये हीच गरज उलट बाजूने येते. मुख्य यंत्र रीबूट होत असताना देखरेखीचा छोटा कंट्रोलर त्याच पोर्टवरून बोलत असतो. म्हणून इंटेलच्या आय350 सारख्या चिपमध्ये लिंक पडू न देणारा खास बिट दिलेला आहे. आयपी फोनच्या पाठीमागे जोडलेल्या कॉम्प्युटरचे नशीबही असेच परस्वाधीन: फोनने आपल्या आतल्या स्विचलाही रीसेट केले, की कॉम्प्युटरचे नेटवर्क गेलेच.

चालू लिंक फसवतेही. दिवा पेटलेला पाहून शेजारी पॅकेट पाठवत राहतो आणि पर्यायी वाट उघडत नाही. त्यामुळे अनेक लिंक एकत्र बांधणाऱ्या एलएसीपीसारखे प्रोटोकॉल वेगळी हजेरी घेतात. संथ पद्धतीत दर 30 सेकंदांनी निरोप जातो आणि 90 सेकंद काहीच आले नाही, तर जोडीदार बाद होतो. ‘सोनिक’ या स्विच-प्रणालीच्या वॉर्म रीबूटमध्ये पॅकेटांची वाहतूक चालूच राहते, पण सॉफ्टवेअरला जागे व्हायला मिळतात तेवढेच 90 सेकंद.